वहिनींचे मिस्टर

आपलं नाव नेमकं कधी नाहीसं झालं, हे बहुतेक माणसांना सांगता येत नाही. भाऊसाहेबांना येत होतं. ते एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता नाहीसं झालं. तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेली. एखादी वस्तू जागेवर दिसली नाही की वार आणि वेळ टिपून ठेवायची हाताला सवयच होती. त्या मंगळवारी टपालवाल्याने बेल वाजवली, भाऊसाहेबांनी दार उघडलं, आणि टपालवाला पाकिटाकडे न बघताच म्हणाला, "डीजे वहिनींचे मिस्टर ना? इथे सही करा."

पाकिटावर भाऊसाहेबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक छापलेलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवून ते टपालवाल्याला दाखवलं. "हो, तेच ते," असं म्हणून तो जिना उतरून गेला.

आता हे लक्षात घ्यायला हवं की धंदा मुळात भाऊसाहेबांचा होता. कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या करमणूक मंडळाचे चार मोठे स्पीकर, दोन माइक आणि गाणी वाजवायचं एक यंत्र भाऊसाहेबांकडे आलं, कारण ते ताब्यात ठेवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. जुनी व्हॅन मेव्हण्याकडची. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा लोकांच्या समारंभात गाणी वाजवावीत, ही कल्पना त्यांची. बोर्ड त्यांनी रंगवून घेतला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पद्धत त्यांची. प्रत्येक वायरीला नंबरची चिठ्ठी होती. व्हॅनमधून माइक बाहेर निघाला की वहिनींनी 'मिळाला' म्हणून सही करायची, परत ठेवला की भाऊसाहेबांनी 'जमा' म्हणून करायची. नवरा-बायकोत कसल्या सह्या, असं वहिनींनी पहिल्या आठवड्यात विचारून पाहिलं. "वस्तूला नातं नसतं," भाऊसाहेब म्हणाले. तेव्हापासून वहिनी मुकाट्याने सह्या करत होत्या. स्पीकर उचलायलाही त्याच एका बाजूने हात लावत; भाऊसाहेबांची कंबर हा विषय घरात निघत नसे.

गाण्यांचीही पद्धत होती. साडेसातशे गाणी भाऊसाहेबांनी अकारविल्हे लावली होती. स्टोअरमध्ये नट कुठे, बोल्ट कुठे हे अंधारातसुद्धा हाताला लागलं पाहिजे, तसंच गाण्याचं. कार्यक्रम कुठलाही असो, गाणी अ पासून ओळीने लावायची आणि वेळ संपेल त्या अक्षराला थांबायचं. पुढच्या कार्यक्रमात तिथून पुढे. कुठल्याही गाण्यावर अन्याय नाही.

पहिलाच कार्यक्रम एका जोडप्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा होता. चौथ्या गाण्याला फ्यूज उडाला. भाऊसाहेबांनी वहिनींना तात्पुरता फ्यूज बसवून दिला आणि नवा आणायला व्हॅनमध्ये गेले. फ्यूज लगेच सापडला, पण त्याची नोंद करायची वही सापडेना, आणि नोंद केल्याशिवाय फ्यूज बाहेर काढणं त्यांच्या हातून होईना. वीस मिनिटांनी ते परत आले तेव्हा सगळा हॉल नाचत होता. पन्नास वर्षांचं ते जोडपं नाचत होतं, वाढपी नाचत होते, आणि यंत्रापाशी वहिनी उभ्या होत्या. अक्षरबिक्षर काही नाही. मनाला येईल ते गाणं लावत होत्या.

"तुला कसं कळतं कुठलं लावायचं?" त्यांनी घरी आल्यावर विचारलं.

"पाय बघते," वहिनी म्हणाल्या. "शिवणक्लास घ्यायचे तेव्हा मशीनखालचे पाय बघून कळायचं, कुणाचं लक्ष कामात आहे आणि कुणाचं घरी. माणसं तोंडाने खोटं बोलतात हो, पायांना नाही जमत."

त्यानंतर बोलावणी आली ती वहिनींना. फोन भाऊसाहेबांचा वाजे आणि पलीकडून आवाज येई, "वहिनी आहेत का?" भाऊसाहेब वायरी जोडत, वायरी गुंडाळत, आणि मधल्या वेळात स्पीकरच्या मागे स्टुलावर बसून नोंदी तपासत. तिथून नाचणारी माणसं दिसत नसत. पण कानावर हसू यायचं, टाळ्या यायच्या. कबूल करायला हवं की पहिले काही महिने त्यांना बायकोचा अभिमान वाटला. नंतर अभिमानाला जरा आंबूस वास यायला लागला.

वरच्या मजल्यावर मीटरकाका राहत. आयुष्यभर लोकांच्या दारातले विजेचे मीटर वाचल्यामुळे कुठल्या घरात काय चाललंय हे आपल्याला बाहेरूनच कळतं, असा त्यांचा समज होता. टपालवाल्याचा प्रकार त्यांना जिन्यातच कळला.

"भाऊसाहेब, एक सांगू? राग मानू नका," काका म्हणाले. राग येईल असंच काही सांगायचं असलं की काका असं म्हणत. "बाई पुढे आणि पुरुष मागे, हे लावणीच्या बैठकीत शोभतं, धंद्यात नाही. उद्या वहिनी दुसरीकडे गेल्या तर तुम्ही काय वाजवणार? थाळी?"

"ती कशाला जाईल?"

"मी आपलं सांगितलं. कागद आपल्या नावावर ठेवावा माणसाने. ज्याचा कागद त्याचा धंदा."

भाऊसाहेबांनी हसण्यावारी नेलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांना हॉलच्या मॅनेजरने गाठलं.

गावात एकच मोठा हॉल होता. तिथे निवृत्त शिक्षकांचा मेळावा ठरला होता आणि त्याची जागा बघायला भाऊसाहेब टेप घेऊन गेले होते. मॅनेजर हा गोड बोलणारा, पांढरे बूट घालणारा माणूस. त्याने भाऊसाहेबांना चहा पाजला आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून आमचं स्वतःचं सामान येतंय. सगळं नवं. दर शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम असतील. वहिनींना विचारा ना, कायमच्या येतात का आमच्याकडे."

"येऊ की. गाडी मागच्या दाराला लागेल ना?" भाऊसाहेब म्हणाले.

"गाडी नको हो. सामान आमचं आहे. वायरिंग भिंतीतूनच आहे. फक्त वहिनी हव्यात."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "आणि मी?"

मॅनेजर मनाने वाईट नव्हता. त्याने खरोखर थोडा विचार केला. "तुम्ही या ना त्यांना सोडायला," तो म्हणाला.

निरोप साधा होता. एका वाक्यात घरी सांगून मोकळं होता आलं असतं. पण स्टोअरमध्ये तीस वर्षं भाऊसाहेबांच्या टेबलावर तीन ट्रे होते: आलेलं, गेलेलं आणि विचाराधीन. विचाराधीन ट्रेमधलं एकही पत्र कारखाना बंद पडेपर्यंत निकाली निघालं नव्हतं. अडचणीची मागणी, एखाद्या साहेबाची चूक, दोन खात्यांचं भांडण, सगळं त्या ट्रेमध्ये शांत झोपत असे. मॅनेजरचा निरोप भाऊसाहेबांनी तिथेच ठेवला. योग्य वेळ आली की सांगू, असं ते मनाशी म्हणाले. वहिनी त्या वेळी जमिनीवर बसून कानाला लावायच्या हेडफोनची फाटलेली गादी शिवत होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणाला मॅनेजर?" भाऊसाहेब म्हणाले, "काही नाही. मागच्या दाराला उंबरठा आहे."

खोटं असं त्यात काही नव्हतं. उंबरठा होताच.

मेळाव्यासाठी आवाजाची परवानगी काढायची होती. हॉलच्या शेजारी दवाखाना झाल्यापासून नियम कडक झाले होते. इतर लोक परवानगीसाठी कुणाला तरी पुढे घालतात. भाऊसाहेब स्वतः गेले, कारण अर्ज भरणं हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव निर्मळ आनंद होता. तीन प्रती, दोन फोटो, स्पीकरची लांबी-रुंदी, दवाखान्यापासूनचं अंतर. अंतर त्यांनी स्वतः टेपने मोजलं आणि त्यात रस्त्यातला खड्डा धरायचा की नाही, असा प्रश्न खिडकीतल्या बाईंना विचारला. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. दुसऱ्या खिडकीने जेवणाची सुट्टी झाल्यावर पुन्हा पहिल्या खिडकीकडे पाठवलं. भाऊसाहेब चार दिवस हेलपाटे घालत होते आणि चारही दिवस घरी येऊन मनापासून जेवत होते.

घोडं अडलं ते अकराव्या रकान्यात. 'यंत्र प्रत्यक्ष हाताळणारी व्यक्ती.'

भाऊसाहेबांचं पेन तिथे थांबलं. मीटरकाका आठवले, टपालवाला आठवला, मॅनेजरचे पांढरे बूट आठवले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "लवकर लिहा. चालवणार कोण?"

"मीच," भाऊसाहेब म्हणाले, आणि तिन्ही प्रतींवर त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात लिहिलं. पायावर धोंडा पाडून घ्यायला माणसाला एरवी वाकावं लागतं. भाऊसाहेबांनी तो ताठ बसून पाडून घेतला. बाईंनी शिक्का मारला. त्या दिवशी भाऊसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मेळावा रविवारी अकरा वाजता सुरू झाला. शंभरेक निवृत्त शिक्षक, त्यांच्या बायका, नवरे, काही काठ्या, चाकांच्या दोन खुर्च्या. अध्यक्ष होते एक हेडमास्तर, उंच, वाळलेले, इस्त्रीच्या कपड्यातले. त्यांची बायको याच वर्षी गेली होती. ही गोष्ट वहिनींनी आल्या आल्या चौकशी करून काढली, कारण त्या नेहमीच आधी चौकशी करत: कोण आजारी आहे, कुणाकडे काय घडलंय. अशी यादी भाऊसाहेबांच्या वहीत नव्हती.

वहिनींनी माइकसाठी सही केली, हेडफोन गळ्यात घातला, आणि पहिलं गाणं लावणार तेवढ्यात आवाज मोजणारे साहेब आले. हातात एक लहानसं यंत्र, खांद्याला पिशवी, स्वभावाने अगदी मऊ. त्यांनी परवानगीचा कागद मागितला. भाऊसाहेबांनी तिन्ही प्रती पुढे केल्या.

साहेबांनी वाचलं, नाव विचारलं, आणि वहिनींना म्हणाले, "ताई, तुम्हाला हात लावता येणार नाही. कागदावर हे आहेत."

वहिनींनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी स्पीकरकडे पाहिलं.

साहेबांनाच दया आली. "असं करा," ते म्हणाले, "मागे एक ओळ लिहून द्या. मला बरं वाटत नाही, माझ्याऐवजी ही व्यक्ती यंत्र चालवील. खाली सही. माझी हरकत नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

सुंठीवाचून खोकला जात होता. वहिनींनी पर्समधून पेन काढून पुढे धरलंसुद्धा. पण मॅनेजर दारात उभा होता, हाताची घडी घालून, वहिनींकडे बघत. मला बरं वाटत नाही, असं त्याच्यासमोर लिहून द्यायचं? बायकोच्या हाताखाली चालतो, असा दाखलाच झाला तो.

"खोटं मी लिहीत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मला उत्तम बरं वाटतंय."

"अहो, लिहा ना," वहिनी हळूच म्हणाल्या. "माणसं ताटकळलीत."

"नियम म्हणजे नियम."

वहिनींनी गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

वहिनी काहीही लावोत, भाऊसाहेबांच्या वहीतल्या हिशोबाने मागच्या कार्यक्रमाला गाडी ज वर थांबली होती. ते ज पासून सुरू झाले. पहिलं गाणं कवायतीचं निघालं. दोन शिक्षक उठले, हात-पाय हलवून बसले. दुसरं अंगाईचं. चाकाच्या खुर्चीतल्या बाई झोपल्या. तिसरं पुन्हा धांगडधिंग्याचं, त्याने त्या दचकून जाग्या झाल्या आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. आवाज मोजणाऱ्या साहेबांचं यंत्र गप्प होतं, कारण हॉलमध्ये आवाज असा नव्हताच. खुर्च्या सरकवल्याचा तेवढा येत होता. समोरून एक बाई आल्या आणि अदबीने म्हणाल्या, "मिस्टर, वहिनींना बोलवता का जरा?" भाऊसाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढचं बटण दाबलं.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या वहिनींनी पहिले सूर ऐकले आणि दोन्ही हात वर केले. नको, नको, अशी खूण केली. भाऊसाहेबांना खूण दिसली. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना ती स्वच्छ दिसली. पण सगळ्या हॉलसमोर बायकोच्या खुणेवर गाणं बदलायचं नाही, असं त्यांनी त्या क्षणी ठरवलं.

गाणं निरोपाचं होतं. निघालेल्या बाईला नवरा उंबऱ्यावरून हाक मारतो, असं. साधं, जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं. पहिल्या कडव्याला हेडमास्तर ताठ बसून होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि मग त्यांचा तो उंच देह खुर्चीत मिटत गेला. माणूस मोठ्याने रडला. शाळा हलवणारा आवाज होता त्यांचा एके काळी. आता तो आवाज मोजणाऱ्या यंत्रावरचा काटा हलवत होता. शंभर शिक्षक खाली मान घालून बसले होते. दोघांनी त्यांना धरून बाहेर नेलं. भाऊसाहेबांना बटण सापडेना. साडेसातशे गाणी अंधारातसुद्धा हाताला लागतील अशी लावलेली, आणि बंद करायचं बटण सापडेना. शेवटी वहिनी धावत आल्या, त्यांनी भिंतीतला प्लग उपटला आणि तशाच हेडमास्तरांच्या मागे बाहेर गेल्या.

आवाज मोजणाऱ्या साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. पिशवी उचलून ते निघून गेले.

दोन वाजता सामान व्हॅनमध्ये चढलं. वहिनींनी न सांगता सगळ्या सह्या केल्या. वाटेत भाऊसाहेब म्हणाले, "त्यांच्या बायकोचं मला कुणी सांगितलं नव्हतं." वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. थोड्या वेळाने ते म्हणाले, "प्लग असा उपटू नये. यंत्राला धक्का बसतो."

घरी आल्यावर वहिनींनी चहा केला. खिडकीतून ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलं होतं. त्यांनी भाऊसाहेबांसमोर कप ठेवला, स्वतः समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला मला काही सांगायचं राहिलंय का?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

भाऊसाहेबांनी खरोखर विचार केला. विचाराधीन ट्रे उघडायला ही वेळ योग्य आहे का, असा विचार केला. आजचा दिवस आधीच वाईट गेलाय, त्यात भर कशाला, असं त्यांना वाटलं. "नाही," ते म्हणाले.

"मॅनेजर हेडमास्तरांना पाणी घेऊन आला होता बाहेर," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणाला, तीन आठवडे झाले, मिस्टरांनी सांगितलंच असेल, काय ठरवलंत?"

भाऊसाहेबांनी कप बशीत टेकवला. "मग?"

"मग काय. मी म्हटलं, हो, सांगितलंय ना त्यांनी. त्याच दिवशी सांगितलं. बाहेरच्या माणसासमोर तुमची शोभा कशाला करू?"

जिन्यावरून मीटरकाका खाली जात असल्याचा आवाज आला. दारापाशी तो जरा रेंगाळला आणि पुढे गेला.

"आणि काय म्हणालीस त्याला?"

"हो म्हणाले. पुढच्या महिन्यात सामान येतंय त्यांचं. पहिल्या शनिवारपासून."

"मला न विचारता?"

वहिनींना राग यायला हवा होता. तो आला असता तर भाऊसाहेबांना बरं वाटलं असतं. रागाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना माहीत होतं. पण त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. "तुम्ही सांगितलं असतं तर विचारलं असतं," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी चहा बशीत ओतला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी आधी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

"मला भीती वाटली."

"कसली?"

"तू तिकडे गेलीस तर मी काय करायचं याची. कारखाना गेला तेव्हा मी सहा महिने रोज सकाळी डबा भरून घेऊन बागेत जाऊन बसायचो. तुला वाटायचं नोकरी शोधतोय. पुन्हा तसं बसायला लागेल, याची भीती वाटली."

वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "मला माहीत होतं बागेचं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हे स्पीकर घरात घेऊ दिले मी. मला गाण्यांची काही हौस नव्हती. हेच तीन आठवड्यांपूर्वी बोलला असतात तर मी कुठेही गेले नसते हो. त्याला तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं."

"मग आता नाही म्हण."

"आता नाही जमायचं."

"का?"

"आज त्या हेडमास्तरांचा हात धरून मी अर्धा तास बसले होते," वहिनी म्हणाल्या. "मी हात वर केलेले तुम्हाला दिसले होते. मी तुमचे डोळे बघितले. तुम्हाला दिसले होते." त्यांनी हात काढून घेतला आणि कप उचलून विसळायला नेले.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी साडेचारला वहिनी निघाल्या. नवी साडी वगैरे काही नाही, नेहमीची निळी. भाऊसाहेब सोडायला येतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "या." व्हॅनमध्ये मागे काही नसल्यामुळे ती प्रत्येक खड्ड्याला डब्यासारखी वाजत होती. हॉलच्या दारात वहिनी उतरल्या. भाऊसाहेब म्हणाले, "थांबतो मी. संपलं की एकदमच जाऊ."

"नको. किती वेळ लागेल सांगता येत नाही. त्यांची गाडी सोडणार आहे मला," वहिनी म्हणाल्या. मग खिडकीतून आत वाकून त्यांनी भाऊसाहेबांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. "पोळ्या झाकून ठेवल्यात. गरम करून घ्या," असं म्हणून त्या पायऱ्या चढून आत गेल्या.

भाऊसाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. भर उजेडात, तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला रडू आलं. ते कुणी मोजायला नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते येऊ दिलं.

तेवढ्यात दरवान आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "सोडून झालं असेल तर गाडी काढा. इथे फक्त काम असणाऱ्यांना थांबता येतं."

भाऊसाहेबांनी गाडी काढली.